दीर्घ रू आणि उलटं घड्याळ

आमच्या वन्संनी पहिलं स्थळ नाकारलं ते ऱ्हस्व-दीर्घावरून. मुलाकडून पत्र आलं होतं, चांगलं दोन पानी, आणि मुलगा इंजिनिअर. वन्संनी ते हातात लाल पेन घेऊन वाचलं. वाचून झालं तेव्हा पत्राच्या समासाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. सासूबाईंना वाटलं, लाजून कुठंतरी जपून ठेवलं असेल. पत्र तोवर पोस्टाच्या पेटीत पडलंसुद्धा होतं, सगळ्या दुरुस्त्यांसह, आणि खाली एक ओळ होती : मजकूर बरा आहे, पुन्हा नीट लिहून पाठवावा. त्यानं काही पाठवला नाही. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी काय केलं होतं? पोस्टाचं तिकीट दिलं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा त्या कॉलेजात गणित शिकत होत्या आणि मी इतिहासाची पदवी घेऊन मोकळी झाले होते, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. एकमेकींच्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणजे भांडणालाही जागा नाही. पदवी मिळाल्यावर त्या शाळेत शिकवायला लागल्या आणि वर्ष पुरं व्हायच्या आत सोडून आल्या. मुलं वाईट नव्हती म्हणे, अक्षर वाईट होतं. मग छापखान्यात मुद्रितं तपासायला बसल्या आणि तिथं रमल्या त्या कायमच्या.

छापखाना पाठ्यपुस्तकं छापायचा, आणि गणिताच्या स्पर्धांच्या पुस्तिका. मुद्रितशोधकानं अक्षरं बघायची असतात, वेलांटी, काना, पूर्णविराम. वन्सं समोर आलेलं गणित सोडवल्याशिवाय पान पुढं सोडत नसत. मालक डोक्याला हात लावायचे. त्यांना वाचायला बसवलं होतं, सोडवायला नाही. पण लोकांना शब्दकोडं लागतं तसं वन्संना गणित लागायचं, जेवणाआधी एक आणि चहानंतर एक. कामगार त्यांना पाठीमागे 'लालशाई' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं. एकदा कुणीतरी भिंतीवर 'लालशाइ' असं लिहून ठेवलं, तेव्हा त्यांनी खुर्चीवर चढून शेवटची इ दीर्घ केली आणि खाली उतरल्या.

एवढं वाचून तुमच्या डोळ्यांसमोर एखादी वाळलेली, चष्म्यातून बघणारी, ओठ मुडपलेली बाई आली असेल तर ती पुसून टाका. वन्सं गोल, गुटगुटीत. हसायला लागल्या की समोरच्या टेबलावरच्या टाचण्या हलायच्या. पायात कॅनव्हासचे बूट आणि चालणं असं की आमचे हे त्यांच्याबरोबर बाजारात जायला नको म्हणायचे. त्यांनी लग्न केलं नाही कारण कुणी नीट विचारलं नाही, इतकं ते सरळ होतं. आणि मी त्यांच्याकडे कधी बिचारी म्हणून बघितलं नाही, कारण एक तर त्या बिचाऱ्या नव्हत्या, आणि दुसरं म्हणजे त्यांनी माझ्याकडे बघून काय म्हणावं असा प्रश्न आला असता.

छापखान्याच्या जिन्याखाली एक दुकान आहे. दुकान कसलं, जिना वर जाताना खाली उरते तेवढी जागा. आत एक टेबल, टेबलावर काचेची पेटी, पेटीत उघडी पडलेली घड्याळं, आणि एका डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी. दारावर पाटी : 'घड्याळ दुरूस्ती'. बघितलंत? नाही ना दिसलं? वन्संना पहिल्याच दिवशी दिसलं. त्या सरळ आत गेल्या आणि म्हणाल्या, की दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असतो, निदान दुरुस्तीच्या दुकानानं तरी तो नीट लिहावा.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. घड्याळ आणलंय का, म्हणून विचारलं. वन्संनी नाही म्हटलं.

"मग घाई नाही तुम्हाला. बसा."

आणि वन्सं बसल्या. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना पेटीतल्या घड्याळांबद्दलच जास्त बोलल्या, तेव्हाच मी कान टवकारले. पण मला वाटलं होतं त्या वेगानं जगात काहीच होत नाही. वन्सं रोज विचारायच्या, रूचं काय झालं. घड्याळजी सांगायचे, पेंटर बाहेरगावी गेलाय. तो पेंटर बाहेरगावी गेला तेव्हा माझे केस काळे होते.

घड्याळजींची बायको पुष्कळ आधी वारली होती. मुलीला एकट्यानं वाढवलं, ती दातांची डॉक्टर झाली आणि दूरच्या शहरात गेली. माणूस उंच, वाकलेला, बोलायला सावकाश. प्रत्येक वाक्याच्या आधी ते जणू किल्ली द्यायचे. मशिनचा डिप्लोमा केलेले, गणिताची आवड होती पण ती कुणी विचारली नव्हती. एकदा वन्सं डब्याबरोबर स्पर्धेच्या पुस्तिकेचं मुद्रित घेऊन खाली आल्या आणि जेवता जेवता एका गणितात अडकल्या. घड्याळजींनी भिंगातून कागद बघितला आणि म्हणाले, इथं बेरीज करण्यापेक्षा कापून बघा. कापून बघितलं, सुटलं. त्या दिवसापासून रोज दुपारच्या सुट्टीत डबा, एक गणित आणि भांडण.

भांडणाचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. घाबरू नका, मला कळलंय म्हणजे तुम्हाला कळेल.

गणितात एक संख्या आहे, तिला आय म्हणतात. तिला तिनंच गुणलं की उणे एक येतो. अशी संख्या असू शकत नाही असं तुम्ही म्हणाल, म्हणून लोकांनी तिला काल्पनिक म्हटलं. नेहमीची संख्या वास्तव, ही काल्पनिक, आणि दोघींना जोडून झाली ती संमिश्र. मी वन्संना म्हटलं, हे तर लग्नासारखंच झालं. त्यांनी दुर्लक्ष केलं आणि मला अंगणात उभं केलं. घराकडे तोंड करा, वहिनी. आता डावीकडे पाव वळण घ्या. हा आय. पुन्हा डावीकडे पाव वळण. आता तुमची पाठ घराकडे, म्हणजे तुम्ही उणे एक. दोन आय मिळून उणे एक, झालं की नाही? झालं. इतकी वर्षं ज्याला काल्पनिक म्हणत होते ते नुसतं वळणं होतं. शिकवणाऱ्यांना हे सांगायला काय होतं, मला कळत नाही.

पण डावीकडे. हे महत्त्वाचं. एक म्हणजे घड्याळातल्या तीनच्या दिशेला रोखलेला काटा. एकदा आयनं गुणलं की तो बाराकडे जातो, दोनदा गुणलं की नऊकडे, तीनदा गुणलं की सहाकडे, आणि चारदा गुणलं की परत तीनवर. काटा उलटा फिरतो. आणि घड्याळजींचा हात जन्मभर काटे सुलटे फिरवत आलेला. गणितात आय दिसला की त्यांचं बोट हवेत उठायचं, जिभेनं टक् असा आवाज यायचा, आणि बोट तीनवरून खाली सहाकडे जायचं. उत्तर चुकायचं. वन्सं कपाळाला हात लावायच्या.

माझं गजराचं घड्याळ दुरुस्तीला द्यायला गेले होते तेव्हा मी हे स्वतः ऐकलं. वन्सं सांगत होत्या, की संख्यांचं घड्याळ उलटं चालतं, एवढं एक लक्षात ठेवायला काय जातं.

"बाई, उलटं चालणारं घड्याळ लोक माझ्याकडे दुरुस्तीला आणतात."

"मग हे एक नका दुरुस्त करू."

आणि दोघं असे हसले की माझं घड्याळ हातात घेऊन मी तिथं उभी आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. मी मनात म्हटलं, हे प्रकरण पिकलंय, आता कुणीतरी झाड हलवायला हवं.

झाड हलवलं ते घड्याळजींच्या मुलीनं. ते जिन्यावरून घसरले, फार लागलं नाही, पण मुलीला कळलं. तिनं सांगितलं, आता एकट्यानं राहायचं नाही, माझ्याकडे यायचं. खोली रंगवून घेतली, पडदे लावले, पडद्यांचे फोटो पाठवले. घड्याळजींनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण नाही म्हणायला काही कारण लागतं, आणि जे कारण होतं ते त्यांनी ज्याला सांगायचं त्याला सांगितलं नव्हतं. महिनाअखेर जायचं ठरलं.

त्याच महिन्यात वाचनालयाची जोडी स्पर्धा होती. ही आमच्याकडची हौशी मंडळींची गणिताची स्पर्धा, वयाची अट नाही, दोघांनी मिळून उतरायचं. चालवतात एक निवृत्त प्राध्यापक, सगळे त्यांना कंस सर म्हणतात. दुष्ट म्हणून नव्हे. ते बोलताना प्रत्येक वाक्यात एक कंस उघडतात आणि बहुतेक वेळा बंद करायला विसरतात. वन्सं इतकी वर्षं आमच्या ह्यांना घेऊन उतरायच्या आणि हरायच्या, कारण आमचे हे खुर्चीवर बसले की झोपतात. दर वर्षी औषधांचं दुकान चालवणारे नवरा-बायको ढाल घेऊन जायचे. या वर्षी वन्संनी घड्याळजींना जोडीला घेतलं. ह्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पहिल्या रांगेत झोपायची परवानगी मागितली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी घड्याळजी माझं घड्याळ द्यायला घरी आले. वन्सं छापखान्यात होत्या. त्यांनी घड्याळ दिलं, चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला, त्यात काही नव्हतं. मग मला म्हणाले, की बाईंना एक विचारायचं आहे आणि विचारायला गेलं की त्या म्हणतात, गणिताचं असेल तर विचारा.

मी म्हटलं, मग गणिताचं नाही म्हणून सांगा आणि विचारा. ते म्हणाले, धीर होत नाही. मी म्हटलं, पत्र लिहा.

"वहिनी, त्या इंजिनिअरचं काय झालं ते मी ऐकलंय."

मी त्यांच्या रिकाम्या कपात चहा ओतला. मग त्यांनी सांगितलं काय ठरवलंय ते. उद्या ढाल जिंकली तर तिथंच विचारायचं. हरलो तर समजायचं की आपली जोडी नव्हती, आणि गुपचूप मुलीकडे जायचं. मी त्यांना म्हटलं, लग्न म्हणजे काय सोडत आहे? पण सावकाश माणसानं एकदा ठरवलं की तो तितक्याच सावकाश बदलतो, आणि हातात एकच दिवस होता.

वन्सं घरी आल्या आल्या मी त्यांना सगळं सांगितलं. सांगणारच. हे गुपित आहे असं घड्याळजी म्हणाले नव्हते, आणि म्हणाले असते तरी सांगितलं असतं. या दोघांच्या भरवशावर राहिले असते तर मी वर गेल्यावर यांचं जमलं असतं. वन्सं "हं" म्हणाल्या. मग चहात साखर घातली, ढवळली, परत साखर घातली आणि तो पाक घोट घोट पीत उद्यासाठी पेन्सिलींना टोकं करत बसल्या. पेन्सिली लागणार नव्हत्या. स्पर्धा पाटीवर असते.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं सभागृह भरलं. मी पुढच्या रांगेत, शेजारी आमचे हे, डोळे अजून उघडे. स्पर्धेची रीत अशी : जोडीनं व्यासपीठावर पाठीला पाठ लावून बसायचं, दोघांच्या हातात वेगवेगळी पाटी, बोलायचं नाही. दोघांचं उत्तर एकच आणि बरोबर आलं तर दोन गुण. दोघांचं एकच पण चूक आलं तर एक गुण. कंस सरांचं म्हणणं, एकत्र चुकणं (हेही काही सोपं नसतं, घरी करून बघा. आणि उत्तरं वेगळी आली तर शून्य, मग एकाचं बरोबर का असेना.

आमची जोडी सुरेख चालली. औषधवाले नवरा-बायकोही चालले होते, पण त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला दोघांची उत्तरं वेगळी आली आणि ते खाली उतरताना घरी काय होणार ते चेहऱ्यावर दिसत होतं. आता दोन्ही जोड्यांचे गुण सारखे, आणि आमच्या जोडीचा शेवटचा प्रश्न बाकी. बरोबरी राहिली तर ढाल गेल्या वर्षीच्यांकडे. म्हणजे आमच्यांना एक गुण पुरे होता. एकच. मी ह्यांना कोपर मारून जागं केलं.

कंस सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला. म आणि न हे एक ते दहामधले पूर्णांक. आयचा म-वा घात आणि आयचा न-वा घात यांची बेरीज एक अधिक आय यावी. अशा (म, न) या क्रमित जोड्या किती?

क्रमित म्हणजे क्रम बदलला की जोडी वेगळी. हे वन्संनी मला आधीच समजावलं होतं : म आणि न ओळीनं लिहिले तर मन होतं, उलटे लिहिले तर नम. अक्षरं तीच, पण पहिलं नुसतं नाम आहे आणि दुसरं 'वाक' अशी आज्ञा देतं, दोन्ही एक कसे होतील? मला प्रश्न वाचता वाचता वाटलं, हा तर येतो. खरंच येत होता. बेरीज एक अधिक आय यायची तर एक काटा तीनवर हवा आणि दुसरा बारावर. चार आणि आठ या घातांना काटा तीनवर येतो. बारावर येतो तो एक, पाच आणि नऊ या घातांना. दोन गुणिले तीन सहा, आणि क्रम उलटा केला की आणखी सहा. बारा.

काटा उलटा फिरवला तर बारा. सुलटा फिरवला तर बाराच्या दिशेला तो तीन आणि सात या घातांनाच जातो, आणि उत्तर येतं आठ. मी घड्याळजींकडे बघितलं.

त्यांचं बोट हवेत उठलं. टक्. इतक्या शांततेत तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला असेल. बोट तीनवरून खाली, सहाकडे निघालं. टक्. आणि पाठीला पाठ लावून बसलेल्या वन्संनी मान थोडी वर केली. त्यांना बोट दिसत नव्हतं, पण आवाज ऐकू आला होता, आणि पाठीमागचा खांदा कुठल्या बाजूला झुकला तेही कळलं असणार. वन्संनी पाटीवर खडू टेकवला होता. तो उचलला. काहीतरी विचार केला. मग भराभर लिहिलं आणि पाटी मांडीवर पालथी घातली.

आणि तेवढ्यात, त्यांची पाटी पालथी पडल्यावर, घड्याळजींचं बोट थांबलं. ते स्वतःच्या बोटाकडे बघत राहिले, दुकानात एखादं बिघडलेलं घड्याळ बघावं तसे. मग दुसऱ्या हातानं ते बोट धरलं, अक्षरशः धरलं, आणि उलटीकडे फिरवलं. तीन, बारा, नऊ, सहा. या वेळी जिभेनं आवाज केला नाही. लिहिलं.

मला सगळं दिसत होतं आणि ओरडता येत नव्हतं. माझ्या आयुष्यात असा प्रसंग पुन्हा न येवो.

कंस सरांनी पाट्या वर करायला सांगितलं. घड्याळजींच्या पाटीवर बारा. वन्संच्या पाटीवर आठ.

सभागृहात गलका झाला. कंस सर वन्संच्या पाटीकडे बघत राहिले. त्यांच्या सगळ्या पुस्तिका वन्संच्या हाताखालून गेलेल्या. "बाई, आठ? (तुम्ही?" एवढंच म्हणाले आणि कंस तसाच उघडा राहिला. वन्संनी पाटी खाली केली नाही. गोऱ्या नव्हेत त्या, पण कानापर्यंत लाल झालेल्या मला दिसल्या.

घड्याळजी खुर्चीवरून वळले. त्यांनी वन्संची पाटी बघितली, मग आपली, मग परत वन्संची. किल्ली देताना वेळ लागतो तसा वेळ लागला.

"हे आठ तर माझं आहे," ते म्हणाले.

"आणि ते बारा माझं," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही कशाला उलटं फिरवलंत? आज?"

आता तुमच्या लक्षात आलं असेल, पण त्या गलक्यात फार थोड्यांच्या आलं. एक गुण पुरेसा होता. घड्याळजी चुकणार म्हणून वन्संनी त्यांची चूक जाणूनबुजून लिहिली, म्हणजे दोघांचं सारखं येईल आणि जिंकू. आणि वन्सं चूक लिहूच शकत नाहीत, म्हणून घड्याळजींनी जन्मभराचा हात मोडून बरोबर लिहिलं. ज्या बाईनं भिंतीवरची शिवीसुद्धा शुद्ध करून ठेवली, तिनं भर सभेत स्वतःच्या अक्षरात चूक लिहिली. ऱ्हस्व-दीर्घाची नव्हे, गणितातली.

कंस सरांनी शून्य गुण जाहीर केले. ढाल औषधवाल्यांकडे राहिली. ते दोघं आनंदानं टाळ्या वाजवत होते, म्हणजे घरचं मिटलं. आमचे हे मला विचारत होते, जिंकलो का. मी म्हटलं, झोपा.

घड्याळजी उभे राहिले. पाटी खुर्चीवर ठेवली, खडू ठेवला, हात रुमालाला पुसले. मला दिसलं, की माणूस ठरवल्याप्रमाणे मुलीकडे निघालाय. अशा वेळी मी उठून वर जाणार होते, खोटं कशाला सांगू, पदर खोचून झाला होता. पण वन्संनी मला डोळ्यांनी खाली बसवलं.

"घड्याळजी, तुम्हाला काही विचारायचं होतं."

ते म्हणाले, ते जिंकलो तर विचारायचं ठरलं होतं.

"ठरलं होतं ते तुमचं तुमच्याशी. मला कुणी विचारलं होतं? विचारा आता. गणिताचं नसलं तरी चालेल."

सभागृह उठायच्या बेतात होतं ते परत बसलं. घड्याळजींनी तोंड उघडलं. नुसतं उघडंच राहिलं. तोंडातून टक् सुद्धा येईना. मग त्यांनी पाटी पुन्हा उचलली, बारा पुसले आणि लिहायला लागले. लिहायला किती वेळ लागावा? औषधवाल्या बाई उभ्या राहून बघायला लागल्या. शेवटी त्यांनी पाटी वन्संपुढे धरली. मी पहिल्या रांगेत होते आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, मला स्वच्छ दिसलं. लिहिलं होतं : 'माज्याशी लग्न करल का'.

झ चा ज, करालचा काना गायब, शेवटी प्रश्नचिन्ह नाही. त्या इंजिनिअरनं दोन पानांत मिळून एवढ्या चुका केल्या नव्हत्या. आख्ख्या सभागृहात जे वन्संना ओळखत होते त्यांनी डोळे मिटून घेतले.

वन्संनी खडू घेतला. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं, 'हो'. मोठ्ठं. घड्याळजींनी ते वाचलं, आणि भिंग नसताना एक डोळा बारीक करून परत वाचलं. मग टाळ्या झाल्या. त्या चालू असताना वन्संनी पाटी परत आपल्याकडे ओढली, ज चा झ केला, काना घातला आणि प्रश्नचिन्ह देऊन टाकलं. आधी हो, मग दुरुस्ती. हा क्रम मी नीट बघितलाय, आणि ज्यांना वाटतं की क्रमानं काही फरक पडत नाही त्यांनी त्या इंजिनिअरला विचारावं.

कंस सर म्हणाले, (आठ, बारा) आणि (बारा, आठ) या वेगळ्या जोड्या असल्या तरी बेरीज सारखीच येते. हे मला त्या दिवसातलं सगळ्यात कमी दर्जाचं वाक्य वाटलं, पण त्यांनी कंस बंद केले होते, म्हणून सोडून दिलं.

घड्याळजींची मुलगी आली ती वडिलांना न्यायला म्हणून गाडी घेऊन. सगळं ऐकल्यावर तिनं वन्संना तोंड उघडायला सांगितलं, दात बघितले, माणूस पक्का आहे म्हणाली आणि त्याच गाडीत वन्संची पुस्तकं घड्याळजींच्या घरी पोचवली. पडद्यांचं काय, म्हणून मी विचारलं. ते तिनं इथंच पाठवून दिले. खोलीला लांब पडतात, वन्संनी खालून दुमडून शिवलेत. लग्न कचेरीत झालं. सहीच्या वेळी वन्संनी छापील मजकूर वाचायला घेतला तेव्हा मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि निळं दिलं.

आता त्या छापखान्यात अर्धा दिवस जातात. उरलेला अर्धा दिवस जिन्याखाली, काचेच्या पेटीच्या अलीकडच्या बाजूला. पुढच्या स्पर्धेची तयारी चालू आहे. घड्याळजींचं बोट अजून आधी सुलटंच जातं, मग थांबतं, मग उलटं फिरतं. वन्सं म्हणतात, चालेल, काटा पोचल्याशी कारण.

एक राहिलंच. लग्नानंतर घड्याळजींनी मोठ्या मनानं पेंटरला बोलावलं. हो, तोच, बाहेरगावी गेलेला. तो कधी कुठं गेलाच नव्हता, समोरच्या गल्लीत राहतो. शिडी लावून वर चढला, ब्रश बुडवला, आणि आतून वन्सं ओरडल्या की पाटीला हात लावायचा नाही. त्याला चहा पाजून परत पाठवलं. तेव्हा तो दीर्घ रू अजून तिथं आहे. तुम्हाला दिसला तर आत जाऊन सांगायच्या भानगडीत पडू नका. पूर्वी सांगणाऱ्याला आत बसवून घ्यायचे. आता खुर्ची रिकामी नाही.